पाळकीणबाईंना पाठवा

"तुम्ही नको, पाळकसाहेब. पाळकीणबाईंना पाठवा."

एवढं बोलून मोठ्या बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाळक पलंगाशी उभेच राहिले, एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात प्रभुभोजनाची डबी. बाईंच्या भाचीने ओशाळून चहाचं विचारलं. त्यांनी नको म्हटलं आणि ते जिना उतरले.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हातची छडी खाऊन मोठ्या झालेल्या. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. अशा वेळी माणसाला पाळक लागतो, अशी पाळकांची समजूत होती. मरणाऱ्याचा हात धरून बसावं ते आमच्या पाळकसाहेबांनीच, असं लोक म्हणायचे. पाळक यावर नुसतं हसायचे, पण ते त्यांनी कधीच खरं मानून टाकलं होतं.

"मला बोलावलंय?" बायको म्हणाली. "मला कुठे येतं असलं काही? मी काय बोलणार त्यांच्याशी?"

"बोलावलंय तर जाऊन ये," पाळक म्हणाले. मनात म्हणाले, एकदा जाऊ दे, मग कळेल बाईंना.

पण पुन्हा बोलावणं आलं. मग रोजचंच झालं. दुपारची भांडी उरकली की बायको पायात चपला सरकवायची आणि निघायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तापाने गेली. तेव्हापासून बायको घरात कामापुरतंच बोलत होती. आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून चक्क गुणगुणणं ऐकू आलं.

दुसरा एखादा नवरा असता तर सुखावला असता. पाळकांच्या पोटात दुखलं. हिला आता लोकांच्या आदराची चटक लागली, असंच त्यांच्या मनात आलं.

"काय प्रार्थना करतेस तिथे?" त्यांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी? काही नाही हो. बसते नुसती."

वर हा साधेपणाचा आव! पाळकांनी ताट बाजूला सारलं.

रविवारी चर्चच्या दाराशी जो तो तेच बोलत होता. "पाळकीणबाईंनी काय जादू केली हो? मोठ्या बाई परवा हसल्या म्हणे!" एका आजींनी तर पाळकांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारलं, "पाळकीणबाई कुठेयत? माझ्या गुडघ्यासाठी जरा प्रार्थना करायला सांगायची होती." पाळक म्हणाले, "देवाची कृपा." दातांवर दात ठेवूनच म्हणाले. त्या दिवशी उपदेश प्रीतीवर होता. मत्सराचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी तो घाईघाईने ओलांडला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांना राहवेना. ते बायकोच्या मागोमाग निघाले. मोठ्या बाईंची भाची औषधं आणायला बाहेर पडतच होती. "आत बसल्यात दोघी," ती म्हणाली आणि दार उघडं ठेवून गेली. पाळक जिना चढून गेले, पण खोलीच्या दाराशी थबकले. दार लोटलेलं होतं. आपल्याकडे नाहीत असे कोणते शब्द बायकोकडे आहेत, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. चोरासारखे ते भिंतीला टेकून उभे राहिले.

आत कोणीतरी रडत होतं. मोठ्या बाई रडतायत म्हणजे कमालच झाली, असं त्यांच्या मनात आलं. मग कान लागला आणि आवाज ओळखू आला. रडत होती ती त्यांची बायको.

"...कपाळावर हात ठेवला की चटका बसायचा, बाई. अजून मधूनच तळहात गरम होतो माझा."

"मग?" मोठ्या बाईंचा आवाज धाप लागल्यासारखा येत होता.

"मग काय. गेली. ह्यांनी तिच्या शवपेटीपाशी उभं राहून इतकं सुंदर सांगितलं, सगळी मंडळी रडली. घरी आल्यावर मला म्हणाले, आता रडायचं नाही, ती प्रभूच्या घरी आहे. मग मी नाही रडले. सगळं गाव रडायला ह्यांच्याकडे येतं, बाई. मी कुठे जायचं?"

"न रडणारी पोर मला वर्गाच्या दारातून ओळखू यायची. म्हणून तर तुला बोलावलं," मोठ्या बाई म्हणाल्या. धाप आवरत त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणालीस तिचं? पुन्हा सांग."

बायकोने नाव सांगितलं. दोन वर्षांत त्यांच्या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. पाळकांनी तर नाहीच. दाराला हात कधी लागला ते त्यांना कळलंच नाही. दार उघडलं.

बायकोचं डोकं पलंगाच्या कडेवर टेकलेलं होतं. मोठ्या बाईंचा वाळलेला हात तिच्या केसांवरून फिरत होता, थकून थांबत होता, पुन्हा फिरत होता. बायकोला चाहूल लागली नाही. मोठ्या बाईंनी मात्र पाळकांकडे पाहिलं. उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"या, पाळकसाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "जवळ बसा आणि नीट बघून ठेवा. माझ्यानंतर हे तुम्हालाच करायचंय."