खालूताईची अंगाई

“मावशी, मी नेटवर टाकलेला तुमच्या अंगाईचा व्हिडिओ साइटवाल्यांनी काढून टाकला! कॉपीराइट म्हणे दुसऱ्याचा आहे,” पाळणाघरातून मुलीला न्यायला आलेली रेवती चिडून म्हणाली.

कुसुममावशींचा झोका देणारा हात थांबला. ही अंगाई त्यांच्या आईने रचलेली. लहानपणी त्यांना खारूताई म्हणता येईना, म्हणून आईने गाण्यातही ‘खालूताई’च ठेवली. तीस वर्षं त्या इथल्या बाळांना तीच गाऊन निजवत होत्या.

रेवतीने फोनवर ते कॉपीराइटवालं गाणं लावलं. कुणी तरुण संथपणे गाऊ लागला. दुसऱ्याच ओळीत खालूताई फांदीवरून उतरली, तिसरीत ढगाची दुलई पांघरून बसली. मावशींचे डोळे मिटले. सगळे पाळणे आपोआप डुलत असल्यासारखे वाटले. दोन कडव्यांत गाणं संपलं.

“स्वप्नात सुचलं, म्हणतो हा! धडधडीत खोटं. उद्या तुम्हालाच गायला बंदी घालतील.”

“खोटं नाही गं,” मावशी हसल्या. “इथल्याच पाळण्यातलं लेकरू आहे ते. आपल्या तिसऱ्या कडव्याचा पत्ताच नाही त्याला.”

त्यांनी पुन्हा झोका दिला.

“त्याआधीच झोपून जायचा.”