कवेलूवरचा दात

हातपंपाचा दांडा तोंडावर आदळला अन् नऊ वर्षांच्या खुशीचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला. वारलेल्या आईच्या दातासारखाच तो जरासा पुढं आलेला. दुधाचे दात आई छपराच्या कवेलूवर फेकायची, तसाच बापानं हाही फेकला. “रडू नको माय, नवा येईन.” रक्त थांबेना तेव्हा केळझरहून गाडी दामटली. रविवार, वर्ध्यात दातांचे दोन दवाखाने बंद, तिसरा बोरगावात उघडा सापडला. डॉक्टरीणबाईंनी लगबगीनं हात पुढं केला, “दात आणला ना? द्या लवकर, तासाभरात बसवता येतो. पक्का आहे, पुन्हा येणार नाही.” रक्त थांबताच बापानं गाडी घराकडं वळवली. घरी येताच त्यानं शिडी लावली अन् एकेक कवेलू उचलून पाहू लागला. खालून सुजल्या ओठांनी खुशी त्यालाच समजावत होती, “उतरा ना बाबा! नवा येईन. आईसारखाच येईन.”