अकराव्या दिवसाची शेगडी

"बाळंतिणीला पंखा? बाळंतवात होईल!" म्हणत सुलभाताईंनी लेकीच्या बाजेखाली शेगडी सरकवली. तिला चढलेला हा ताप दूध दाटल्याचाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मालीश करायला आलेल्या सुंदरामावशींनी तेलाची वाटी खाली ठेवली. चाळीस वर्षं गावातल्या बाळंतिणी त्यांनीच शेकल्या होत्या. त्यांनी पोरीचे थरथरते हात धरले, धावणारी नाडी पाहिली, सुजलेल्या गळ्यावर बोटं ठेवली. पोर घामानं निथळत होती आणि भलतंच काहीतरी बडबडत होती.

"पोटुशी असताना गोळ्या कसल्या घेत होती?"

"वाढलेल्या थायरॉइडच्या. मीच बंद केल्या. दुधातून बाळाच्या अंगात उतरतील म्हणून."

मावशींनी आंघोळीच्या पाण्याची बादली उचलली आणि धगधगत्या शेगडीवर ओतली.

"रिक्षा बोलवा, ताई. हे शेकानं उतरणारं नाही."

संध्याकाळी दवाखान्यातली डॉक्टरीण बाहेर आली. "थायरॉइडचं वादळच उठलं होतं अंगात. वेळेवर आणलंत, वाचेल ती. पण चालू गोळ्या थांबवल्या कुणी?"



"आमचं चुकलं, बाई," मावशी पुढे होऊन म्हणाल्या. "आता कुठली गोळी कधी द्यायची, तेवढं सांगा. मी रोज येतेच, माझ्यासमोर घ्यायला लावीन."

बोलताना त्यांचा तेलकट हात सुलभाताईंच्या पाठीवर होता.