समजलं ना?

सगळे ठिपके लाल!

विज्ञानाच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्यांच्या हातातली पृथ्वी, म्हणजे विणायची सुई खुपसलेला चेंडू, तशीच तिरकी राहिली. ऋतू का होतात ते त्यांनी नुकतंच शिकवून संपवलं होतं. नेहमीसारखं "समजलं ना सगळ्यांना?" विचारलं होतं आणि नेहमीसारखा वर्ग एका सुरात "हो बाई!" म्हणाला होता. एवढं झालं की बाई फळा पुसायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायच्या. नोकरीला लागल्यापासूनची रीत. पण आज प्रत्येक मुलाच्या हातात दोन बटणांची एक डबी होती. समजलं तर हिरवं दाबायचं, नाही समजलं तर लाल. कुणी काय दाबलं ते कळत नाही, पडद्यावर नुसते ठिपके उमटतात.

"अगं बाई, हे काय भलतंच!" त्या पुटपुटल्या.

ही बटणं आणायची हौसही त्यांचीच, बरं का. कुणी सांगितलं नव्हतं, वरून हुकूम आला नव्हता. त्यांनीच हेडसरांच्या मागे टुमणं लावलं होतं. स्टाफरूममध्ये सगळे हसले. "पोरांना खेळणंच हवं होतं, बाई!" तरी त्या हटल्या नाहीत. शेवटी हेडसर म्हणाले, "आणा वापरून बघायला. मी वर्गात येऊन पाहतो. उपयोग दिसला तर ठेवू, नाहीतर खोकं परत." आज जोडतास होता आणि त्यातल्या दुसऱ्या तासाला हेडसर येणार होते.

बाईंनी पुन्हा शिकवलं. हळूहळू, सोपं करून. टेबलावरच्या दिव्याभोवती चेंडू फिरवला, सुई कुठे कललीय ते बोट ठेवून दाखवलं.

लाल.

"कुणाला नाही समजलं? हात वर करा बरं."

एक हात वर येईल तर शपथ.

"मग समजलं कुणाला?"

हातांचं रान माजलं.

"दाबा बघू."

पुन्हा लाल. हात म्हणतात समजलं, बटणं म्हणतात नाही. हात आणि बटणं एकाच पोराची ना? मग खरं कुणाचं धरायचं? पोरं चेष्टा करतायत म्हणावं, तर पहिल्या बाकावरची चष्मेवालीसुद्धा अगदी गंभीर तोंड करून बसली होती, आणि ती कुणाचं खोडरबरही न विचारता उचलायची नाही.

त्यांनी शेजारच्या खोलीतून कॉम्प्युटरच्या सरांना बोलावून घेतलं. सरांनी एकेक बटण दाबून पाहिलं. "ठणठणीत आहे, बाई."

"रंग उलटे नाहीत ना लागले?"

"नाही हो."

"एखादी तारबीर सुटली असेल."

"याला तार नसतेच, बाई."

सर गेले. बाई खुर्चीत टेकल्या. यंत्र बिघडलेलं निघालं तर खोकं परत जाणार आणि स्टाफरूमला जन्मभर पुरेल एवढा विषय मिळणार. तेही एक वेळ परवडलं. पण बिघडलेलं नसेल तर? त्यांचा ऋतूंचा तास म्हणजे शाळेची शान. पाहुणे आले की मुद्दाम तोच तास दाखवायचे. इतकी वर्षं, इतकी पोरं "हो बाई" म्हणून गेली, ती सगळी काय...? पुढचा विचार करायची त्यांची छाती होईना. बिघडलेलंच असू दे रे देवा, त्या मनात म्हणाल्या.

तेवढ्यात हेडसर आले.

"हे काय बाई, पडद्याला गोवर आलाय की काय?" ते वर्गाकडे वळले. "काय रे, बाईंनी शिकवलेलं समजलं ना?"

"हो सर!" छप्पर उडेल असा आवाज आला.

"बघा! मुलं स्वतःच्या तोंडाने सांगतायत आणि हे डबडं भलतंच काही दाखवतंय. जाऊ द्या, संध्याकाळी परत पाठवू." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमचा हा तास मी स्वतः कितीदा बसून ऐकलाय."

झालं, सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. पण बाईंना सुटल्यासारखं वाटेना. "सर, जाण्यापूर्वी एकदा तुम्हीच दाबून बघता का?" त्या बोलून गेल्या. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

जादा डबी नव्हती. बाईंनी स्वतःचीच हेडसरांना दिली. शिक्षकाच्या डबीचा ठिपका गोल नाही, चौकोनी उमटतो. हे बाईंना ठाऊक होतं, कॉम्प्युटरच्या सरांना ठाऊक होतं. हेडसरांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचे गुडघे बाकात मावेनात, तशी पोरं खुदखुदली.

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. सवयीने तास रंगत गेला. दिवा, चेंडू, कललेली सुई, सगळं जिथल्या तिथे. "म्हणून आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हिवाळा. समजलं ना सगळ्यांना?"

"हो बाई!"

हेडसरांची मान सगळ्यांच्या आधी डोलली. "वा, बाई! लख्ख समजलं. याहून सोपं कुणी सांगूच शकणार नाही." बोलता बोलता त्यांनी बाकाखाली हात नेऊन बटण दाबलं.

पडद्यावर गोल लाल ठिपक्यांच्या मधोमध एक लाल चौकोन उमटला.