बिनइंजिनाची गाडी

मुलांनी स्वतः बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्यांची उतारावरची शर्यत सुताराच्या लेकीने जिंकली, आणि सुताराची छाती फुगली. महिनाभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून तो त्या गाडीमागे लागला होता. लेकीने करवतीला हात लावला की खेकसायचा, "हो बाजूला! चांगलं लाकूड नासवशील."

बक्षीस देण्याआधी पंच बाई गाडीपाशी वाकल्या. "झकास पळवलीस हं! आता हा ब्रेक कसा बसवलास, तेवढं सांग."

लेक नुसती ब्रेककडे बघत राहिली. बाईंच्या पाठीमागून सुताराने हातवारे करून पाहिले, ओठ हलवून पाहिले. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बरं, गाडी बनवली कोणी?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी."

जमलेले लोक खो खो हसले. बक्षीस दुसऱ्या आलेल्या मुलीला गेलं. सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीचा दंड धरून त्याने तिला गर्दीबाहेर ओढलं.

"चारचौघांत नाक कापलंस माझं! मी बनवली म्हणाली असतीस, तर जीभ झडली असती का तुझी?"

तिने हिसका देऊन दंड सोडवला.

"म्हणणारच होते. पण ब्रेक कसा बसवतात, ते मला कुठे ठाऊक होतं? खोटं बोलण्यापुरतंसुद्धा काही शिकू दिलं नाहीत तुम्ही, बाबा."