एकेचाळीस वेळा

दिवसातून एकदाच दाबायचं बटण मिरजेच्या एक काकू रोज एकेचाळीस वेळा दाबत होत्या.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी ॲप केलं होतं. सकाळी ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं, की मुलांच्या फोनवर निरोप जातो आणि ॲप म्हणतं, “छान! काळजी घ्या.” आवाज माझाच. एकट्याची कंपनी, दुसरा कुणाचा आणणार? मला वाटलं, काकूंचं बोट थरथरत असेल. एकदा दाबलं की बटण दिवसभर बंद राहील, अशी दुरुस्ती करून ठेवली. पण ती ॲपमध्ये टाकण्याआधी वापरणाऱ्या माणसाला विचारावं, एवढं या धंद्यात ठेचा खात शिकलोय. फोन लावला.

“नाईकवाडी काकू, ॲपमधलं बटण नीट चालतंय ना?”

“अगंबाई, तुम्हीच का ते! आवाज ओळखला मी.” काकू एकदम खुलल्या. “चालतंय की. चहा घेताना दाबते, कुकर लावताना दाबते. घरात कुणीतरी बोललं की बरं वाटतं.”

“पण दर वेळी मुलाला निरोप जातो हो.”

“त्याला नाही त्रास होत. त्यानं ते निरोप मागेच बंद करून ठेवलेत.”

मी दुरुस्ती पुसून टाकली. माइक पुढे ओढला आणि नवी वाक्यं बोलायला बसलो. “चहा झाला का?” “आज काय केलंय जेवायला?”

प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरती शांतता ठेवली. ती माझ्या खोलीत होतीच.