दोन दारांची

सिस्टर शोरूमच्या आरशासारख्या फरशीवर चक्क उताणी झोपली आणि शेवाळी गाडीखाली डोकं घालून बघू लागली. अंगावर नर्सचा पांढरा गणवेश तसाच होता. ड्यूटी संपवून ती थेट इथेच आली होती.

"अगं, ऊठ! लोक बघतायत," तिचा दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. मीही बघतेय." आवाज गाडीखालून आला. "पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा कुठाय हो?"

विक्रेत्यानं दादाकडे तोंड करून उत्तर दिलं. अर्धा तास झाला, विचारत होती ती आणि उत्तरं मिळत होती दादाला. "सर, बेस मॉडेलला इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. चारही चाकांना हवा तर वरचं मॉडेल. पण दिसायला दोन्ही सेम टू सेम."

सिस्टर उठून बसली. "मला दिसायला जायचं नाहीये. नाल्यातून जायचंय."

शेजारी दुसऱ्या बनावटीची एक पांढरी गाडी उभी होती. तीही बेस मॉडेल, शेवाळीसारखी दोनच दारांची. गाणी नाहीत, स्क्रीन नाही, काचा हातानं फिरवायच्या, सीट शाळेच्या बाकासारखी. पण गियरजवळ एक आखूड दांडी जास्तीची होती. ती ओढली की चारही चाकं कामाला लागायची. सिस्टरनं हातात औषधांची पेटी असल्यासारखी मूठ वळली, पायरीवर पाय ठेवून चढली, उतरली, पुन्हा चढली. मग शेजारची सीट पूर्ण मागे पाडली आणि वितीनं मोजली. अडलेली बाई कुशीवर मावत होती. कशीबशी, पण मावत होती.

"रोजच्या वापराला कोण घेतं असली गाडी?" दादानं डोक्याला हात लावला. "ही हौशी पोरांची. शहरात रोज चालवलीस तर कंबर मोडून घेशील. त्यापेक्षा चार दारांची घे. आई मागे ऐसपैस बसेल."

"शहरात कोण चालवणार आहे?"

दादाचा चेहरा पडला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिची बदली व्हावी म्हणून त्यानं आरोग्य खात्यातल्या साहेबांकडे शब्द टाकला होता. खुर्ची, पंखा, दहा ते पाच. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि त्याच्या हिशेबी तो कळवल्यातच जमा होता.

"मागच्या पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून गेलीस," तो म्हणाला. "चपला वाहून गेल्या तुझ्या. उद्या तूच वाहून गेलीस तर आईला काय सांगू मी?"

"म्हणून तर गाडी घेतेय. नाल्यापलीकडे नऊ वाड्या आहेत, दादा. अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडे उभी राहते आणि हॉर्न वाजवते. हॉर्न वाजवून बाळंतपण होत नाही."

विक्रेत्यानं पांढरी चालवून बघण्यासाठी किल्ली दादापुढे धरली. सिस्टरनं ती मधल्यामधे उचलली.

दादा मागे बसला. बसला म्हणजे कोंबला गेला, गुडघे हनुवटीला टेकवून. विक्रेता पुढे तिच्या शेजारी बसला आणि मागे वळून दादाला म्हणाला, "सर, सरळ जाऊन चौकातून वळायचं." सिस्टर चौकापर्यंत गेलीच नाही. शोरूमला लागून एका इमारतीचा पाया खणत होते. तिथं दगडमातीचा दोन पुरुष उंच ढीग पडला होता. तिनं गाडी तिकडे घातली.

अर्ध्यावर मागची चाकं घसरली. गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मग ब्रेकवर पाय असूनही हळूहळू मागे सरकत पायथ्याशी आली.

"झालं समाधान?" मागून दादा म्हणाला.

"मॅडम, मी इथेच उतरतो," विक्रेता म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला होता.

तो उतरला. सिस्टरनं तळहाताचा घाम गणवेशाला पुसला. आखूड दांडीचा तिला विसरच पडला होता. आता तिनं ती दात-ओठ खाऊन मागे ओढली, पहिला गियर टाकला आणि पाय हलका ठेवला. चारही चाकांनी माती धरली. गाडी गुरगुरत, डुलत, एकेक दगड गिळत वर चढली आणि माथ्यावर जाऊन स्थिरावली. सिस्टरनं हँडब्रेक ओढला.

"उतरव मला," दादा म्हणाला.

"मागे दार नाही. ही शेजारची सीट पाडायला हवी आणि तिचा खटका माझ्या हाताशी आहे." तिनं मान वळवली नाही, आरशात त्याच्याकडे बघितलं. "साहेबांना फोन तू करतोस की मी करू?"

खाली विक्रेता कमरेवर हात ठेवून वर बघत होता. दादानं त्या उतारावर नजर टाकली, मग बहिणीच्या मानेवर, गणवेशाच्या खांद्याला चिकटलेल्या गाडीखालच्या धुळीवर. शेवटी त्यानं अंग आकसून खिशातून फोन काढला.

"साहेब, नमस्कार. ते बदलीचं... हो, हो, तुमचे उपकारच आहेत... पण ती नाही म्हणतेय."

"'म्हणतेय' नाही, दादा," सिस्टर समोर बघत म्हणाली. "नाही म्हणाली, असं सांग."